पीयूसीचा आकडा आणि त्यामागचं कारण : जुन्या गाडीच्या धुराचा इतिहास

माझी २००६ सालची पेट्रोल गाडी पुण्यात पीयूसीला नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के, मर्यादा ०.५. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा नाही, गॅरेजवाल्यांनी स्कॅनर लावला तर त्यातही काही नाही. इंजिन जास्त पेट्रोल ओढतंय एवढं आकड्यावरून कळत होतं, पण का ओढतंय ते कळत नव्हतं. जुन्या गाड्यांचे बरेच मालक इथेच अडकतात, आणि त्याचं मूळ आपल्याकडचे नियम कसे येत गेले यात आहे.

ही गोष्ट सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या उन्हाळ्यात तिथे डोळे चुरचुरणारं धुरकं पसरलं आणि त्याचा उलगडा व्हायला पुढची काही वर्षं गेली. गाड्यांच्या धुरातली हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइड उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं. १९७० च्या कायद्यानंतर अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुराच्या वाटेवर बसून विषारी वायू साफ करणारे डबे, सर्रास आले. पुढे हायड्रोकार्बन, नायट्रोजनची ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे तिन्ही घटक एकदम साफ करणारा कन्व्हर्टर आला, पण त्याला एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा हेच प्रमाण लागतं. थोडंही इकडेतिकडे झालं तर त्याचं काम बिघडतं. एवढं काटेकोर प्रमाण कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या जुन्या यांत्रिक भागाच्या, हातचं नव्हतं. म्हणून १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा लॅम्डा सेन्सर आला. धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते तो सांगतो आणि संगणक पेट्रोल कमीजास्त करतो.

इथे मेकॅनिकचं काम मुळातच बदललं. कार्ब्युरेटरची गाडी बिघडली की मिसिंग ऐकू यायचं, पिकअप जायचा, वास यायचा. संगणक मात्र दोष सांभाळून घेतो. गाडी नीट पळते आणि धूर मात्र घाण असतो. दोष लपायला लागला म्हटल्यावर तो सांगणारं कुणीतरी हवं होतं. जनरल मोटर्सच्या १९८१ च्या गाड्यांत दोन पिना तारेनं जोडल्या की दिवा लुकलुकायचा. एकदा, मग थांबून दोनदा म्हणजे कोड १२. लुकलुक मोजून दोष वाचायचा! कॅलिफोर्नियानं १९८८ पासून अशी व्यवस्था सक्तीची केली, पण प्रत्येक कंपनीचा सॉकेट वेगळा आणि कोडही वेगळे. १९९६ मध्ये साऱ्या अमेरिकेत ओबीडी-२ आलं, म्हणजे गाडीनं स्वतःचा दोष ओळखून सांगायची सगळ्यांना सारखी व्यवस्था. १६ पिनांचा एकच सॉकेट, एकच भाषा, आणि कन्व्हर्टरमधून धूर बाहेर पडल्यावरही एक सेन्सर. धूर मर्यादेच्या साधारण दीडपट जाईल असा बिघाड दिसला की दिवा लागतो. गाडी उत्तम चालत असतानाही दिवा का लागतो, याचं उत्तर हेच आहे.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. पेट्रोल मोटारीला, गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, ३ टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा होती. सायलेन्सरमध्ये नळी घालायची, आकडा जास्त आला तर कार्ब्युरेटरवरचा, पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा. त्या काळच्या गाडीला तो खराच उपाय होता, कारण दोष बहुतेक वेळा तिथेच असायचा. मग १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल आलं. शिशाचं पेट्रोल देशभर बंद व्हायला मात्र २००० साल उजाडलं. शिशाचा थर बसला की कन्व्हर्टर कायमचा निकामी होतो, त्यामुळे मधल्या पाच वर्षांत मुंबईची गाडी गावाकडे नेणं ही जोखीमच होती. २००५ मध्ये पुणे-मुंबईसह अकरा शहरांत भारत स्टेज ३, म्हणजे नव्या गाड्यांच्या धुराच्या मर्यादांचा तिसरा टप्पा, आलं. ओबीडीची सक्ती मात्र २०१० मध्ये, तीही पहिल्या टप्प्याची. त्यात मुख्यतः वायर तुटली का, शॉर्ट झाली का, एवढंच तपासलं जायचं. कन्व्हर्टर थकलाय, सिलिंडर मिस होतोय, हे ओळखणारा दुसरा टप्पा २०१३ चा.

म्हणजे १९९५ ते २०१० मधल्या गाड्यांत कन्व्हर्टर आहे, पुढे पुढे संगणकही आहे, पण स्वतःचा दोष सांगायची सक्ती कुणावरच नव्हती. २००४ पासून पीयूसीची मर्यादा मात्र भारत स्टेज २ आणि पुढच्या गाड्यांना थेट ०.५ टक्के झाली. स्क्रूवर तोडगा निघत नाही आणि स्कॅनरही गप्प बसतो. मला या पिढीच्या गाड्यांबद्दल मनापासून वाईट वाटतं, कारण त्या भंगारात जातात त्या अनेकदा शंभर-दोनशे रुपयांच्या रबरी नळीपायी.

कोड मिळाला तरी काम संपत नाही. पी०४२० म्हणजे 'कन्व्हर्टर बदला' असं समजून लोक मोठा खर्च करतात. खरं तर त्याचा अर्थ इतकाच, की कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरला अपेक्षेपेक्षा वेगळं दिसतंय. सायलेन्सरच्या जोडातून हवा आत येत असली तरी तसंच दिसतं. पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. तिथे सेन्सर बदलण्याआधी व्हॅक्यूमच्या नळ्या वाकवून पाहाव्यात. वीस वर्षांचं रबर वाकवलं की भेग लगेच दिसते.

माझ्या गाडीचे प्लग काढले तेव्हा चारही काजळीनं काळे होते, एखादाच नव्हे. दोष एका सिलिंडरचा नाही, सगळ्यांच्या मिक्श्चरचा आहे, हे तिथेच कळलं. मेकॅनिककाकांनी इंजिन पूर्ण तापवलं आणि कूलंटच्या तापमान सेन्सरला मल्टिमीटर लावला. गरम इंजिनाला तीनेकशे ओहम यायला हवे होते, दोन हजारांच्या वर येत होते. संगणकाला वाटत होतं की इंजिन अजून थंडच आहे. म्हणून तो पेट्रोल वाढवून देत होता आणि लॅम्डा सेन्सरचं ऐकतच नव्हता, कारण ते ऐकायला सुरुवात होते इंजिन तापल्यावर. पंख्याचा स्विच या गाडीत वेगळा असल्यानं पंखा वेळेवर लागत होता आणि गाडी प्रमाणाबाहेर तापतही नव्हती. वायर शाबूत होती आणि दोन हजार ओहम हा थंड इंजिनाचा अगदी रास्त आकडा आहे. त्यामुळे त्या काळच्या संगणकाला त्यात खोट दिसली नाही.

सेन्सर बदलला, प्लग साफ केले, तासभर हायवेवर गाडी फिरवली आणि पुन्हा पीयूसीला लावली. आकडा आला ०.२.