टेल लाइट वेगळी, ब्रेक लाइट वेगळी: एलईडी टाकायच्या आधी एवढं बघा

"मागची लाइट ब्राइट करून घेतली" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, टेल की ब्रेक? समोरचा म्हणतो, एकच की ते, मागची लाल लाइट. सगळा घोळ इथंच आहे. लाल काच एक असेल, आतला बल्बपण एकच असेल, पण लाइटी दोन आहेत आणि दोघींची कामं वेगळी आहेत. घरच्या घरी एलईडी टाकणारे बरेच जण ह्या दोघींतला फरकच पुसून टाकतात आणि वर खुश होतात, लई भारी उजेड पडायलाय म्हणून. रात्री वंटमुरी घाट उतरताना अशी एखादी गाडी पुढं आली की कळतं काय होतंय ते. मागं सतत लालभडक, त्यानं ब्रेक मारलाय का नुसताच चाललाय काही समजत नाही, आणि आपला पाय उगीच ब्रेकवर जातो नाहीतर जायला पाहिजे तेव्हा जात नाही.

बल्ब कसा काढायचा हे मी सांगत बसत नाही. डिकी उघडून दोन स्क्रू काढले की बहुतेक गाड्यांत अख्खी लाइट हाताला येते, होल्डर फिरवला की बाहेर, बल्ब दाबून फिरवला की बाहेर. तेवढं तुम्हाला येतंच, नसेल येत तर कुठलाही वायरमन दोन मिनिटात दाखवेल.

आता मुद्दा. टेल म्हणजे आपण जिला पार्किंग लाइट म्हणतो ती, हेडलाइटचं बटण फिरवलं की मागं लागणारी. तिचं काम एवढंच की इथं गाडी आहे आणि ती एवढी रुंद आहे हे मागच्याला दिसावं. ब्रेक लाइट सांगते की ही गाडी आत्ता वेग कमी करायलीय. पहिली रात्रभर चालू असते, दुसरी क्षणभर लागते. रंग दोघींचा लाल, जागापण पुष्कळदा तीच. मग मागच्या ड्रायव्हरला कळणार कशावरून? फक्त उजेडाच्या फरकावरून, आणि सगळी भिस्त त्याच्यावरच आहे. मागच्या काचेतली वरची तिसरी ब्रेक लाइट मदत करते, पण डिकीत सामान भरलेलं असलं, काचेवर चिखल उडालेला असला किंवा जुन्या गाडीत ती नसलीच तर पुन्हा खालच्या दोघींवरच येऊन पडतं.

हा फरक किती असतो तेपण बघा. आपल्याकडचा नेहमीचा डबल फिलामेंटचा बल्ब, ११५७ म्हणून मिळतो तो, त्यात टेलची तार ५ वॉटची आणि ब्रेकची २१ वॉटची. वॉट बघून वाटतं चौपट फरक असेल. तसं नाही. ५ वॉटची तार साधारण ३५ ल्युमेन (बल्बाच्या एकूण उजेडाचं माप) उजेड देते आणि २१ वॉटची ४४० च्या आसपास, म्हणजे बारा पटीच्या वर. जाड तार जास्त तापते, आणि जास्त तापलेली तार दर वॉटमागं जास्त उजेड देते, म्हणून वॉटच्या हिशोबानं हा फरक कळतच नाही. युरोपच्या नियमात टेल लाइट किमान ४ कँडेला (एका दिशेला पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि ब्रेक लाइट किमान ६० कँडेला लागते. अमेरिकेत दोन्ही एकाच लाइटीत असतील तर समोरून मोजल्यावर ब्रेकचा उजेड टेलच्या निदान ५ पट पाहिजे असा नियमच आहे. म्हणजे ज्यांनी नियम लिहिले त्यांनी नुसता उजेड किती एवढं बघितलं नाही, दोघींमधलं अंतरपण बघितलं.

आणि आपला डोळा दुप्पट उजेडाला दुप्पट म्हणून ओळखत नाही. आधीच भगभगीत लाल दिव्याकडं बघत गाडी चालवत असताना त्याचा उजेड दीडपट-दुप्पट झाला तर आधीची लाइट लक्षात ठेवून तुलना केल्याशिवाय ते जाणवत नाही, त्यात काचेवर पाऊस असला तर नाहीच. लग्नाच्या हॉलमध्ये सगळेच मोठ्यानं बोलायला लागले की कुणी हाक मारली ते कळत नाही, तसंच होतं ते. बारा पट असला की मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं तरी मेंदूला कळतं.

आता बाजारातला एलईडी बघा. पाकिटावर मोठ्या अक्षरात एकच आकडा असतो, एवढे वॉट, एवढे ल्युमेन. तो आकडा ब्रेकचा असतो, तोपण खरा असला तर. टेलला किती हे बहुतेक पाकिटांवर छापलेलंच नसतं, आणि नेमकं तेच बघायला पाहिजे. स्वस्तातल्या एलईडीत टेलच्या वायरीला करंट कमी करणारा एक छोटा रेझिस्टर टाकून उजेड कमी केलेला असतो, तो रेझिस्टर कुठला टाकायचा ह्याचा कुणी फार विचार केलेला नसतो, कारण दुकानात गिऱ्हाईक हातात बल्ब धरून पेटवून बघतं आणि जो जास्त चमकतो तो घेतं. म्हणून बनवणारापण टेलच चमकती ठेवतो. अशा बल्बात टेल मूळ बल्बाच्या कितीतरी पट, ब्रेक मूळ बल्बाएवढाच किंवा थोडा कमी, आणि मधलं अंतर गेलं.

दुसरा प्रकार आणखी वाईट, आणि तो कुणाच्या लक्षातच येत नाही. काही एलईडीत गोल बाजूनं बसवलेल्या चिपा, म्हणजे उजेड देणारे बारीक तुकडे, टेलसाठी असतात आणि टोकावरच्या चिपा ब्रेकसाठी. हातात धरून समोरून बघितलं तर फरक झकास दिसतो. पण तुमच्या गाडीतला रिफ्लेक्टर, म्हणजे बल्बाभोवतीची चकचकीत वाटी, बाजूचा उजेड गोळा करून मागं फेकणारा असेल, आणि बल्बासाठी बनवलेले बहुतेक रिफ्लेक्टर तसेच असतात, तर टेलच्या चिपांनी अख्खी काच भरते आणि ब्रेक मारल्यावर फक्त मधोमध एक ठिपका वाढतो. समोरच उभं राहून बघितलं तर ठिपका दिसतो, शेजारच्या लेनमधून काहीच नाही. मूळ बल्बात दोन्ही तारा जवळजवळ एकाच जागी असतात, रिफ्लेक्टर त्याच जागेवर नेम धरून बनवलेला असतो, म्हणून तिथं ही भानगड होत नाही. मला विचाराल तर टेल आणि ब्रेकला त्याच चिपा वापरणारा, फक्त करंट कमी-जास्त करणारा एलईडीच घ्यावा.

हे सगळं टेस्टमध्ये का सापडत नाही? कारण सगळे टेस्ट चुकीची करतात. दिवसा गाडी उभी करायची, पार्किंग बंद, कुणालातरी "ए, ब्रेक दाब की रे" म्हणायचं, लाइट लागली, भारी दिसली, झालं. अरे पण त्यात काळं ते लाल एवढंच बघितलं तुम्ही. रात्री काळं ते लाल असं कधी होतच नाही, लाल ते जास्त लाल असं होतं. म्हणून टेस्ट अंधार पडल्यावर करा, हेडलाइट चालू ठेवून करा आणि मग ब्रेक दाबायला सांगा. पंचवीस-तीस पावलं मागं जाऊन बघा, तिरकं उभं राहून बघा, एका बाजूला नवीन एलईडी आणि दुसऱ्या बाजूला जुना बल्ब ठेवून बघा. आणि मोबाईलवर शूट करून त्यावरून ठरवू नका, कॅमेरा उजेड वाढला की आपोआप एक्स्पोजर कमी करतो, फरक आहे तरी नाही दिसत आणि नाही तरी आहे वाटतो. जुन्या बाजूला ब्रेक मारल्यावर लाइट उसळल्यासारखी दिसते आणि नवीन बाजूला नुसती किंचित वाढते असं झालं तर तो एलईडी काढून परत करा, पाकिटावर काय वाट्टेल ते लिहिलेलं असू दे.

लोकांना टेलच ब्राइट का पाहिजे असते ते मला कळतं. गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागात उसाच्या डबल ट्रॉल्या रात्री रस्त्यावर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, आणि त्या बघून प्रत्येकाला वाटतं आपण तरी दिसलो पाहिजे. चोर्ला घाटात पावसाळ्यात धुकं असतं तेव्हा तर भीतीच वाटते. पण धुक्यासाठी वेगळी लाइट आहे, मागची फॉग लाइट, बऱ्याच गाड्यांत कंपनीचीच असते आणि मालकाला तिचं बटण माहीत नसतं. ती टेलपेक्षा खूपच प्रखर, युरोपच्या नियमात किमान १५० कँडेला, आणि म्हणूनच त्याच नियमात ती ब्रेक लाइटपासून १० सेंटिमीटरपेक्षा जास्त लांब बसवायची सक्ती आहे, दोघींची गल्लत होऊ नये म्हणून. धुक्यात ती लावा, घाट उतरून हवा मोकळी झाली की बंद करा. टेलला फॉग लाइट बनवू नका. आणि ट्रॉलीवाल्यांना चांगल्या टेपचे रिफ्लेक्टर लावायला लावले पाहिजेत, त्यावर मी कुठंही कुणाशीही भांडायला तयार आहे.

एलईडीचा खरा फायदा ब्रेकमध्ये आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलतच नाही. साध्या बल्बाची तार तापून पूर्ण उजेडाला यायला साधारण ०.२ सेकंद लागतात, एलईडी तत्काळ लागतो. १०० च्या वेगानं मागून येणारी गाडी ०.२ सेकंदात साडेपाच मीटर पुढं येते, म्हणजे एका मोठ्या कारच्या लांबीएवढं अंतर तुम्ही मागच्याला जास्त देता. म्हणून ज्यांच्या गाडीत टेलचा बल्ब वेगळा आणि ब्रेकचा वेगळा आहे त्यांनी टेल आहे तशी ठेवावी आणि फक्त ब्रेकला एलईडी टाकावा, माझ्या मते ह्याच्याइतकं सरळ काम दुसरं नाही.

रंगाचंपण सांगून टाकतो. लाल काचेमागं पांढरा एलईडी टाकू नका. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्या चिपेवर पिवळा थर देऊन बनवलेला असतो, त्यात लाल कमीच, आणि लाल काच लाल सोडून बाकी सगळं अडवते. उजेड वाया जातो आणि वर गुलाबीसर दिसतं. लाल काचेला लाल एलईडी. एवढंच बघा की तुमच्या लाइटीच्या खालच्या बाजूला नंबर प्लेटसाठी पांढरी खिडकी नाही ना, काही गाड्यांत असते, तिथं लाल टाकला तर प्लेट लाल दिसते आणि ते चालत नाही.

बाकी बारीकसारीक. ११५६ म्हणजे एका तारेचा, ११५७ दोन तारांचा. ११५७ ला खाली दोन टिपके आणि बाजूच्या पिना खालीवर, चुकीचा बसू नये म्हणूनच तशा केल्यात, त्यामुळं कानस मारून पिन घासून बसवणाऱ्याकडं गाडी देऊ नका. काचेच्या चपट्या बुडाच्या ७४४० आणि ७४४३ मध्ये मात्र ती सोय नाही, दोन्ही एकमेकांच्या होल्डरमध्ये जातात आणि एका तारेचा दोन तारांच्या होल्डरमध्ये गेला तर टेल आणि ब्रेकचं सर्किट आतल्या आत जुळू शकतं, तेव्हा नंबर वाचून घ्या. बाहेरून जोडायचा रेझिस्टर लागतो तो इंडिकेटरला, एलईडी टाकल्यावर तो भराभर मारायला लागतो म्हणून, ब्रेकला नाही, जोपर्यंत तुमच्या गाडीत बल्ब गेल्याची वॉर्निंग येत नाही. कुणी विकायला आलाच तर नको म्हणा. आणि ब्रेक मारल्यावर सतत चमचम करणारे एलईडी मला अजिबात मान्य नाहीत, मागच्याला त्रास देण्यापलीकडं रोजच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

एक काम मात्र एलईडी घ्यायच्या आधी करा, विशेषतः खानापूर-कणकुंबी बाजूच्या गाड्यांनी, तिथल्या पावसात वर्षं काढलेल्या लाइटीत पाणी गेलेलं असतंच. होल्डर काढून आतल्या पितळी पट्ट्या बघा, हिरवट-पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसेल. बारीक पॉलिश पेपरनं घासा, अर्थिंगची, म्हणजे करंट परत नेणारी, वायर बॉडीला जिथं स्क्रूनं बसवलीय तिथला गंज काढा आणि थोडं व्हॅसलिन लावा. बल्बापर्यंत साडेतेराऐवजी साडेबारा व्होल्ट पोचले तर जवळजवळ पाव उजेड जातो, आणि बल्ब म्हातारा होऊन आतून काळवंडला असेल तर आणखी जातो. म्हणजे लाइट मंद असते ती पुष्कळदा बल्बाची चूक नसते. अर्थिंग गेलंय का ते ओळखायला सोपं आहे: पार्किंग चालू ठेवून ब्रेक दाबल्यावर टेल वाढायच्या ऐवजी मंद झाली, किंवा पार्किंग बंद असताना ब्रेक दाबला आणि त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणला, तर करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बातून शोधायलाय. असल्या गाडीत एलईडी टाकला तर दोष झाकत नाही, उलट एलईडी थोड्याशा चोरट्या करंटवरपण पेटतो, त्यामुळं ब्रेक दाबला नसतानाही मागं अर्धवट ब्रेक लाइट लागलेली दिसू शकते.