प्लग फुटला, इंजिनाचे काय?

घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ लागला की गाडी झटके देऊ लागते, पिकअप जातो, डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि पुढे सपाट रस्ता आला की सगळे सुरळीत झाल्यासारखे वाटते. ‘गाडी मिसिंग करतेय’ असे मेकॅनिक म्हणतो ते हेच. चढावरच हे का घडते, याचे कारण साधे आहे. सिलिंडरमधले इंधन ठिणगीने पेटवणाऱ्या स्पार्क प्लगच्या टोकाशी असलेल्या, मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी फटीतून ठिणगी उडण्यासाठी किती विद्युतदाब लागेल, हे त्या फटीच्या रुंदीवर आणि तिथे दाबल्या गेलेल्या वायूच्या घनतेवर ठरते. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर सिलिंडरमध्ये अधिक मिश्रण भरते, दाब वाढतो, आणि ठिणगीला हजारो व्होल्ट जास्त लागतात. प्लगच्या सिरॅमिकला तडा गेलेला असेल, तर वीज फट ओलांडण्याऐवजी तड्यातूनच धातूच्या कवचाकडे निसटते. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडणे पेट्रोलपेक्षा अवघड असते. त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतल्या सीएनजी गाड्यांमध्ये झिजलेल्या किंवा तडकलेल्या प्लगचा दोष लवकर उघड होतो.

प्लग बदलला, गाडी चालू झाली, विषय संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. मात्र आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळायला हवे: प्लग बिघडल्यामुळे इंजिनाला इजा झाली आहे, की इंजिन आधीच आजारी असल्यामुळे प्लग गेला? पाना तिरपा बसल्याने किंवा प्लग हातातून पडल्याने तडकलेले सिरॅमिक आणि इंजिनातल्या अवेळी स्फोटांच्या धक्क्यांनी फुटलेले सिरॅमिक, यांचे परिणाम सारखे दिसले तरी पुढचा उपचार अगदी वेगळा असतो.

म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काढलेला प्लग फेकून न देता चांगल्या उजेडात, शक्य तर भिंगाखाली पाहावा, आणि बाकीचे प्लगही काढून त्याच्या शेजारी क्रमाने ठेवावेत. टोकावर फिकट तपकिरी रंग असेल तर ज्वलन ठीक चालले होते. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओला, तेलकट काळा थर म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंग किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत येत आहे. पांढरे पडलेले, फोड आलेले टोक अति तापल्याची खूण आहे: सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या वर गेलेले टोक ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवू लागते. पण सर्वांत वाईट खूण म्हणजे सिरॅमिकवर दिसणारे बारीक चंदेरी कण. ते बहुधा पिस्टनचे ॲल्युमिनियम असते. ते दिसले की दोष प्लगचा नाही, हे धरून चालावे.

सिरॅमिकचा तुकडा गायब असेल तर इंजिन पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळलाच पाहिजे. हे सिरॅमिक मुख्यतः ॲल्युमिनाचे असते. ते २००० अंशांच्या पुढे वितळते आणि पिस्टनच्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट कठीण असते. पिस्टन सर्वांत वर येतो तेव्हा काही इंजिनांत कडेला जेमतेम मिलिमीटरभर जागा उरते. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने पिस्टन सेकंदाला ५० वेळा वर येतो, म्हणजे तेवढे घाव त्या तुकड्यावर पडतात. कधी तो एक्झॉस्टमधून सुखरूप बाहेर जातो, कधी पिस्टनच्या माथ्यात रुतून बसतो, कधी व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीत अडकून ती गळकी करतो.

मोबाइलला जोडता येणारा बोरस्कोप इथे उपयोगी पडतो. साडेपाच मिलिमीटर जाडीचा कॅमेरा कारच्या प्लगच्या भोकातून सहज आत जातो. सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात घासलेल्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा शाबूत दिसल्या तर धीर धरावा. उभे, खोल ओरखडे दिसले तर गॅरेज गाठावे. तुकडा सापडला तरी लोहचुंबकाला तो लागत नाही. टोकाला घट्ट ग्रीस लावलेली काडी बरी. घरातला व्हॅक्यूम क्लीनर मात्र वापरू नये, कारण पेट्रोलची वाफ त्याच्या मोटारीतल्या ठिणगीने पेटू शकते.

आत काही उरले नाही याची खात्री झाल्यावरच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, प्लगच्या भोकात दाबमापक बसवून तपासावे. त्यासाठी सीएनजीचा व्हॉल्व्ह बंद, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे आणि सगळे प्लग बाहेर असावेत. ॲक्सिलरेटरचे पेडल पूर्ण दाबून, दाबमापकाची सुई स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरवावा. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांशी किती जुळतात हे महत्त्वाचे. समजा, तीन ठिकाणी १२ बार आणि एके ठिकाणी ७ आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांतून आहे, कारण ऑइलने ती फट तात्पुरती भरली. जवळपास तोच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकत्र घसरले असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचे झाकण (हेड) यांच्यामधले सील, पाहावे.

सीएनजीवर वर्षानुवर्षे चाललेल्या गाडीत इथेच फसगत होते. या इंधनात पेट्रोलसारखा ओलावा नसल्याने व्हॉल्व्हच्या बैठका अधिक लवकर झिजतात आणि कॉम्प्रेशन हळूहळू उतरते. तेव्हा कमी आकड्याचे खापर लगेच फुटलेल्या प्लगवर फोडू नये. वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या बाजूला, कंप्रेसर असलेल्या गॅरेजमध्ये त्या सिलिंडरमध्ये हवा भरून घ्यावी: फुसफुस सायलेन्सरमधून ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट.

एक नुकसान सिलिंडरबाहेरही होते. न जळलेले इंधन एक्झॉस्टमधल्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि त्याची सिरॅमिकची जाळी वितळवू शकते. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर इशारा याचाच असतो. प्लग बदलूनही वेग चढेनासा झाला, तर ही जाळी तुंबली आहे का ते पाहावे.

नवा प्लग हाताने फिरवतच बसवावा आणि पान्याचा जोर कंपनीने सांगितला असेल तेवढाच द्यावा, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधले आटे एकदा गेले की खर्च प्लगच्या किमतीच्या अनेक पट होतो. दोन-तीनशे किलोमीटर गाडी चालवल्यावर तोच प्लग पुन्हा काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर गाडी निर्धास्त वापरावी. चंदेरी कण परत दिसले तर हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.