कापसाच्या पैशातून आलेली काचेची आलमारी

वऱ्हाडात दर्यापूरकडच्या आमच्या आजोळी बैठकीत काचेची आलमारी होती. सागवानी, दोन दारांची, दर दाराला चार काचा. आठातली एक काच मागाहून बसवलेली. ती कोणती, हे आम्हा पोरांना बरोबर ठाऊक असे. आलमारीसमोरून चालत गेलं की सात काचांमागच्या कपांच्या कडा पाण्यातल्यासारख्या हलत, आणि त्या एकीमागची बशी मात्र जागची ढळत नसे. असं का होतं, ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

जुन्या वऱ्हाडी घरात मुळात असं कपाट नव्हतंच. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घराच्या भिंती हात-दीड हात जाड, त्यामुळे सामान भिंतीतच राही. दिव्याला देवळी, कागदपत्रांना लाकडी दाराचं फडताळ. घराची श्रीमंती दिसायची ती फळीवर मांडलेल्या चिंचेनं घासलेल्या पितळी गुंडांत, म्हणजे पाण्याच्या भांड्यांत. त्याहून मोलाचं जे काही असेल ते पेटीत कुलपाआड. मोलाची वस्तू कुलपातही ठेवायची आणि आल्यागेल्याला दिसूही द्यायची, ही चाल बाहेरून आली.

ती युरोपातली. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्यानं १६६६ मध्ये एका सुताराकडून पुस्तकांसाठी काचेच्या दारांची कपाटं करून घेतली. ती आजही केंब्रिजला आहेत. पुढे चिनी मातीच्या भांड्यांचं वेड पसरलं तसं पुस्तकांचं कपाट भांड्यांचं झालं. १७५४ साली थॉमस चिपेंडेल या इंग्रज फर्निचरकारानं छापलेल्या नमुन्यांच्या पुस्तकात अशा कपाटांची चित्रं आहेत. दारं मात्र बारीक पट्ट्यांनी चौकटी-चौकटीत विभागलेली, कारण मोठी काच करणं अवघड आणि फार महाग होतं. त्यात इंग्लंडात काचेवर वजनाप्रमाणे कर होता. तो १८४५ मध्ये उठला. सहाच वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या प्रदर्शन-इमारतीला सुमारे ३ लाख तावदानं लागली, यावरून काच किती सवंग झाली ते समजतं.

नेमक्या त्याच सुमारास वऱ्हाडाचं नशीब पालटत होतं. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला शकुंतला ही छोट्या रुळांची आगगाडी धावू लागली. या गाड्यांनी कापसाच्या गाठी मुंबईला नेल्या. परतीच्या वाटेनं घड्याळं, हंड्या, झुंबरं, आरसे आणि गवतात बांधलेली काच आली. युद्ध संपल्यावर १८६५ ला भाव कोसळले आणि कास्तकार कर्जात रुतला, तेही इथे सांगितलं पाहिजे. काचेची आलमारी आली ती देशमुखांच्या, पाटलांच्या, सावकारांच्या वाड्यात, आणि पूर्वेकडे मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या, घरी. कपाशी वेचणाऱ्या बाईच्या घरी ती यायला आणखी शंभर वर्षं जायची होती.

लाकूड मात्र आपलंच. मेळघाटचं आणि आलापल्लीचं सागवान. त्यात तेल असतं, म्हणून वाळवी सहसा लागत नाही. पॉलिशची लाखही जवळचीच, भंडारा-गोंदियाकडे पळसावर होते ती. ती स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं हात मारत बसायचं. काच बसवायची लांबी, म्हणजे पुट्टी, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून करत, आणि जवस तर आपल्याकडे रानोरान. फक्त काच परकी, बहुतेक बेल्जियमची. अजूनही म्हातारी माणसं चांगल्या आरशाला 'बेल्जियमचा' म्हणतात.

तर त्या हलणाऱ्या कडा. तेव्हा तावदानासाठी काच फुंकून लांब नळकांडं करत, त्याची टोकं कापून ते उभं चिरत आणि भट्टीत तापवून उलगडत. उलगडताना पृष्ठावर लाटा राहत, कुठे मोहरीएवढा बुडबुडा राही. काच शेकडो वर्षांत खाली ओघळते म्हणून अशी दिसते, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. ती जन्मतःच तशी असते. १९५९ मध्ये इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची रीत जाहीर केली, आणि पुढे काच आरपार सपाट झाली. आमची आठवी काच त्या नंतरच्या काळातली.

तालुक्याच्या गावचा एक म्हातारा सुतार मला म्हणाला होता, "काचेले एक सूत जागा सोडा लागते भाऊ. आपल्याकडं लाकूड लय फुगते-आवळते." मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जुलैत भिंतीला ओल, अशा मुलखात हे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फार मोलाचं आहे. चौकट घट्ट ठोकली की काच गेलीच.

आत काय ठेवत, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आधी साहेबी चालीचा चिनी मातीचा चहाचा सेट होता, जोडीला अत्तरदाणी, गुलाबदाणी. मग बायकांनी हळूहळू ती आलमारी आपली केली. आजोळी वरच्या कप्प्यात महालक्ष्म्यांचे, म्हणजे गौरींचे, मुखवटे लाल फडक्यात गुंडाळून असत. मधल्या कप्प्यात मामीच्या रुखवतातले मण्यांचे पोपट, क्रोशाचा रुमाल, काडेपेटीच्या काड्यांचं घर. मुलीनं दोन-दोन वर्षं डोळे फोडून केलेलं ते काम मांडवात एक दिवस दिसायचं. ते पुढे घरात दिसत राहिलं ते या काचेमुळे. सिमेंटच्या घरांत भिंतीतच 'शोकेस' निघाली आणि गावोगाव पोचली, तीही रुखवत ठेवायलाच.

वाड्यातल्या आलमाऱ्या मात्र हलल्या. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, १९६१ चा सीलिंगचा, म्हणजे जमिनीच्या कमाल मर्यादेचा, कायदा आला, भाऊहिस्से पडले. शेताचे तुकडे होतात, आलमारीचे होत नाहीत. १९२३ पासून बनणारी गोदरेजची लोखंडी कपाटं खेड्यातही आली, मग टीव्ही आला आणि बैठकीतली जागा त्यानं घेतली. आता भंगाराच्या भावात उचललेली सागवानी आलमारी मुंबईच्या चोरबाजारात 'अँटिक' म्हणून मांडलेली दिसते. कायद्याच्या भाषेत अँटिक म्हणजे शंभर वर्षांहून जुनं, आणि १९७२ च्या कायद्यानं अशा पुराणवस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाहीत. घरात अशी आलमारी असेल तर माझी कळकळीची विनंती आहे, पॉलिशवाल्याला 'सगळ्या काचा नव्या टाक' असं सांगू नका. जी फुटली तेवढीच बदला. लाखेवर टचवूडसारखं आयतं पॉलिश चढवू नका.

आमची आलमारी आता मामेभावाच्या स्लॅबच्या घरात आहे. पावसाळ्यात डावं दार फुगून बसतं आणि मामी ते ओढत नाही. महालक्ष्म्यांचे मुखवटे ती श्रावणातच उजव्या कप्प्यात आणून ठेवते. दसऱ्यापर्यंत डावं दार आपोआप सुटतं.