सार्वजनिक बांधकामांतील विलंब, खर्चवाढ व लोकक्षोभ

सार्वजनिक निधीतून उभारले जाणारे पूल, बोगदे, रेल्वेमार्ग, विमानतळ, क्रीडागारे, शासकीय इमारती इत्यादी बांधकामे ठरलेल्या मुदतीपलीकडे रखडणे, त्यांचा खर्च मंजूर रकमेबाहेर जाणे आणि त्यामुळे करदात्या नागरिकांत असंतोष पसरणे, हा या नोंदीचा विषय आहे. खाजगी घराचे कामही लांबते आणि तिथेही हिशेब चुकतो. पण त्यात पैसा, निर्णय आणि मनस्ताप ही तिन्ही एकाच माणसाची असतात. सार्वजनिक कामात पैसे देणारा, निर्णय घेणारा आणि खणलेल्या रस्त्यावरून रोज वाट काढणारा हे सहसा वेगवेगळे असतात, आणि क्षोभाचे मूळ या फारकतीत आहे.

अशी कामे अपवादात्मक नाहीत. डॅनिश अभ्यासक बेंट फ्ल्यूब्यर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस देशांतील २५८ वाहतूक-प्रकल्प तपासले होते; त्यांतील दर दहांपैकी नऊ प्रकल्पांत खर्च आधी कमी धरला गेल्याचे आढळले. सरासरी वाढ रेल्वेकामांत सुमारे ४५ टक्के, पूल व बोगद्यांत ३४ टक्के आणि रस्त्यांत २० टक्के होती. अभ्यासात आलेल्या सुमारे सत्तर वर्षांत या चुकीचे प्रमाण कमी झालेले दिसले नाही. चूक निव्वळ अज्ञानातून होत असती, तर ती कधी जास्तीच्या तर कधी कमीच्या बाजूला झाली असती. ती बहुतेक वेळा एकाच बाजूला होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या एकतर्फीपणाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले मानसशास्त्रीय आहे : आपले काम इतरांच्या तशाच कामांपेक्षा सुरळीत पार पडेल असे माणूस मनापासून मानतो. डॅनियल कानेमन व एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीची मांडणी केली. दुसरे राजकीय आहे : खरा आकडा सांगितला तर मंजुरी मिळणार नाही, म्हणून तो जाणूनबुजून कमी सांगितला जातो, आणि पाया भरून खांब उभे राहिल्यावर काम अर्धवट सोडणे कोणालाच परवडत नाही. व्यवहारात ही दोन्ही कारणे इतकी मिसळलेली असतात, की एखाद्या अंदाजपत्रकात भाबडेपणा किती आणि लबाडी किती हे पुढे चौकशी समितीलाही सांगता येत नाही.

क्षोभ समजून घ्यायचा तर पहिल्या जाहीर आकड्यापाशी थांबावे लागते. हा आकडा संकल्पनेच्या टप्प्यावरचा असतो. तेव्हा भूस्तराची पुरेशी तपासणी झालेली नसते, तपशीलवार नकाशे नसतात आणि पुष्कळदा जागाही ताब्यात नसते. अभियंत्याच्या दृष्टीने तो सर्वांत कच्चा आकडा होय. मात्र घोषणा होते ती त्याचीच, आणि लोकांच्या लक्षात राहतो तोही तोच. पुढे कितीही सुधारित मान्यता मिळाल्या, तरी नागरिक तुलना त्या पहिल्या आकड्याशी करतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण तो सांगताना तो कच्चा असल्याचे कोणी सांगितलेले नसते. तारखेचेही तसेच. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर काम पूर्ण होण्याच्या जुन्या तारखेवर नव्या तारखेचा कागद चिकटवलेला असतो, आणि ऊनपावसाने त्याची कड सुटली की खालची तारीख पुन्हा वाचता येते.

सिडनीचे ऑपेरा हाउस हे याचे सर्वपरिचित उदाहरण. १९५७ मध्ये यॉर्न उत्झॉन यांचा आराखडा निवडला गेला तेव्हा खर्च ३५ लाख ऑस्ट्रेलियन पौंड, म्हणजे नंतरच्या चलनात ७० लाख डॉलर, धरला होता आणि काम १९६३ मध्ये पुरे व्हायचे होते. प्रत्यक्षात इमारत १९७३ मध्ये १० कोटी २० लाख डॉलर खर्चून खुली झाली. छपराच्या कवचांची भूमिती निश्चित झालेली नसतानाच राजकीय घाईपोटी १९५९ मध्ये काम सुरू करण्यात आले. परिणामी छपराचा भार न पेलणारे आधारस्तंभ पुढे पाडून नव्याने बांधावे लागले. १९६६ मध्ये नव्या सरकारशी बिनसल्यावर उत्झॉन यांनी काम सोडले, तेव्हा सिडनीत मोर्चा निघाला तो त्यांच्या विरोधात नव्हे, तर त्यांना परत आणा म्हणून. खर्च फुगला की लोक आराखडाकारावरच उलटतात, हा समज त्यामुळे तपासून घ्यावा लागतो.

विलंबाची बहुतेक कारणे मात्र अशी नाट्यमय नसतात. भूसंपादन अडते, जमिनीखालच्या जलवाहिन्या, गटारे व तारा नकाशात दाखवलेल्या ठिकाणी सापडत नाहीत, काम चालू असताना एक मार्गिका किंवा एक मजला वाढवण्याचे ठरते, एक खाते परवानगी देते आणि दुसरे ती अडवून धरते. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याचा नियम कागदावर काटकसरीचा दिसतो, पण कमी दर भरून काम मिळवायचे आणि पुढे प्रत्येक बदलाचे जादा देयक काढायचे, ही वाट त्यातून मोकळी होते. भाव वाढल्यास कंत्राटदाराला जादा रक्कम देण्याच्या कंत्राटातील कलमामुळे विलंबाचा काही भार सरकारी तिजोरीवर पडतो. वाद लवादाकडे गेला की कंत्राटदाराची यंत्रसामग्री जागेवरून हलते आणि मागे पत्र्याचे कुंपण तेवढे उरते.

बर्लिनच्या नव्या विमानतळाचे बांधकाम २००६ मध्ये सुरू झाले. ३ जून २०१२ ही उद्घाटनाची तारीख ठरली होती. ती चार आठवड्यांहून कमी अवधी उरला असताना रद्द झाली, कारण आग लागल्यास धूर बाहेर काढणारी यंत्रणा चालत नव्हती. विमानतळ खुला झाला तो ३१ ऑक्टोबर २०२० रोजी. मधल्या काळात रिकाम्या इमारतीखालच्या स्थानकात हवा खेळती राहावी म्हणून प्रवाशांविना रेल्वेगाडी नेली जात असे, आणि उड्डाणांची माहिती देणारे सुमारे ७५० पडदे एकाही प्रवाशाने न पाहता चालू राहून झिजले व बदलावे लागले. अब्जावधी युरोंची वाढ सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभी राहत नाही. कोणीही पाहत नसताना उजळत राहिलेला पडदा मात्र लगेच दिसतो. त्यामुळे लोकांची चीड अशा तपशिलांभोवती साठते.

ही चीड निरनिराळ्या रूपांनी बाहेर पडते. सर्वांत आधी येते ती थट्टा. ऑलिंपिक स्पर्धांत तूट येणे पुरुषाला मूल होण्याइतकेच अशक्य आहे, असे माँट्रियलचे महापौर जाँ द्रापो म्हणाले होते. १९७६ च्या त्या स्पर्धांच्या क्रीडागाराचे कर्ज २००६ मध्ये फिटले आणि महापौरांचे वाक्य शहराला चिकटले ते कायमचे. थट्टेपुढची पायरी रस्त्यावरची. जून २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये बसभाड्यावरून उसळलेल्या आंदोलनात विश्वचषकासाठी बांधल्या जाणाऱ्या महागड्या क्रीडागारांचा राग मिसळला आणि फिफाच्या दर्जाची रुग्णालये द्या, अशा मागणीचे फलक झळकले. जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या भूमिगत रेल्वेस्थानकाविरुद्धच्या निदर्शकांवर ३० सप्टेंबर २०१० रोजी पाण्याचे फवारे सोडण्यात आले. पुढल्या वर्षीच्या सार्वमतात मात्र बहुसंख्य मते प्रकल्पातून राज्याने माघार घेण्याच्या विरोधात पडली. मतदारांपुढे तेव्हा सुमारे साडेचार अब्ज युरोंचा आकडा होता, आणि तो पुढे दुपटीहून अधिक झाला.

खर्चवाढीचे आकडे वाचताना सावधगिरी हवी. अमेरिकेतील बॉस्टन शहराखालच्या महामार्ग-बोगद्याचा खर्च २.८ अब्ज डॉलरवरून १४ अब्जांच्या पुढे गेला, असे सांगितले जाते. पण पहिला आकडा १९८२ च्या किमतींत होता आणि दुसऱ्यात पाव शतकाची महागाई व वाढवलेली व्याप्तीही आली आहे. एवढी सूट देऊनही वाढ मोठीच ठरते. शिवाय २००० मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची वाढ अधिकाऱ्यांनी दडवून ठेवल्याचे उघड झाले, आणि ते प्रकरण महागाईच्या कोणत्याही निर्देशांकात बसत नाही.

उपायांपैकी नॉर्वेची पद्धत उल्लेखनीय आहे. तिथे २००० पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांचे अंदाज संसदेपुढे येण्याआधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतले जातात. राबवणाऱ्या यंत्रणेला, ज्या रकमेत काम पुरे होण्याची शक्यता पन्नास टक्के असते, तो आकडा दिला जातो, तर संसद ती शक्यता साधारण पंचाऐंशी टक्के असेल अशी, म्हणजे अधिक रकमेची, कमाल मर्यादा मंजूर करते. त्यामुळे मधली राखीव रक्कम यंत्रणेला आपल्या मर्जीने उचलता येत नाही. आकडा एकच आणि अचूक असल्याचा आव टाळणे, हा या पद्धतीचा खरा लाभ म्हटला पाहिजे. चौकशी आयोग हा त्याहून जुना आणि लोकांच्या मागणीतला उपाय. एडिंबरोच्या ट्राम मार्गासाठी शहरातील रस्ते वर्षानुवर्षे खणलेले राहिले, कंत्राटदाराशी वाद झाला, ७७.६ कोटी पौंड खर्चून मूळ योजनेहून आखूड मार्ग मे २०१४ मध्ये सुरू झाला आणि विलंबाची कारणे शोधण्यासाठी त्याच वर्षी चौकशी नेमली गेली. मार्गाचा गाळलेला न्यूहेवनपर्यंतचा टप्पा जून २०२३ मध्ये बांधून वाहतुकीला खुला झाला, सुमारे १.३ कोटी पौंड खर्च झालेल्या त्या चौकशीचा अहवाल त्यानंतर, सप्टेंबरमध्ये, प्रसिद्ध झाला.