फ्लाय स्वॅप

फ्लाय स्वॅप म्हणजे हाताने बांधलेल्या फ्लायची आधी ठरवून केलेली अदलाबदल. फ्लाय म्हणजे काय तर गळावर पिसं, केस, लोकर, दोरा, तार असं गुंडाळून केलेला नकली किडा, कधीकधी नकली पिटुकला मासा पण. मासा धरायला माशी, ऐकायला गंमत वाटते पण प्रकार जुना आहे, इसवी सन 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकानं मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसं बांधून मासे धरतात असं लिहून ठेवलंय.

स्वॅपचं गणित सोपं आहे. समजा 12 जण आहेत, प्रत्येकानं एकाच प्रकारच्या 12 फ्लाय बांधायच्या आणि होस्टकडे, म्हणजे स्वॅप चालवणाऱ्याकडे, पाठवायच्या, होस्टकडे 144 फ्लाय जमतात, तो त्या वाटून प्रत्येकाला 12 वेगवेगळ्या फ्लायचा सेट परत पाठवतो. म्हणजे त्यात स्वतःची एक फ्लाय पण परत येते, ती नको असेल तर 11 च बांधायच्या. काही ठिकाणी एक जास्तीची मागतात, होस्टच्या मेहनतीची. यातलं काय चालणार ते पहिल्याच दिवशी लिहून टाकायचं, नाहीतर शेवटी कोणाच्या तरी डबीत एक कमी निघते आणि मग कटकट. बाराच का असं काही नाही, आठ जणांचा स्वॅप पण छान होतो, माझ्या मते जास्तच छान होतो. वीस-पंचवीस जण झाले की एकच फ्लाय पंचवीस वेळा बांधताना शेवटच्या पाच-सहा कशाबशा उरकलेल्या असतात आणि ते बघितल्या बघितल्या कळतं.

पण खरा फायदा पण तिथेच आहे. एकटा माणूस एक-दोन बांधतो आणि दुसऱ्या पॅटर्नकडे वळतो. तेच डझनभर बांधायच्या म्हटलं की शेपटी प्रत्येक वेळी तेवढीच लांब हवी, गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी, शेवटची गाठ मारायला जागा उरायला हवी (नवशिक्यांची नेहमीची चूक, डोळाच बुजवून टाकतात), आणि सातवी-आठवी होईपर्यंत हात आपोआप बसतो.

विषय होस्ट ठरवतो. नुसतं 'काहीही बांधा' म्हटलं की निम्मे लोक वूली बगर नावाची फ्लाय पाठवतात, ती सोपी आहे, मासे पण घेतात, पण एका सेटमध्ये सहा वूली बगर आल्यावर करायचं काय. म्हणून फक्त निम्फ (पाण्याखालच्या अर्धवट वाढलेल्या किड्याची नक्कल), फक्त पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लाय, किंवा सगळ्यांनी एकच मटेरियल वापरायचं, असं काहीतरी बंधन घालतात आणि कोण काय बांधणार ते नाव देतानाच विचारून घेतात. गळाचा नंबर पण सांगावा लागतो. हे नंबर उलटे चालतात, 16 नंबरचा गळ 12 पेक्षा बारीक, आणि 1 च्या पुढे मोठे गळ 1/0, 2/0 असे मोजतात, हे माहीत नसलेला माणूस भलत्याच साईजच्या फ्लाय पाठवून मोकळा होतो.

आता चिठ्ठी. प्रत्येक फ्लायला कागदाची छोटी पट्टी लावायची, इंग्रजी बोलणारे हौशी तिला टो टॅग म्हणतात म्हणजे शवागारात अंगठ्याला बांधतात तसली. तिच्यावर बांधणाऱ्याचं नाव, पॅटर्नचं नाव, गळाचा नंबर आणि वापरलेलं सामान. कंटाळवाणं काम आहे, लोक टाळतात, पण नुसत्या नावावरून काही कळत नाही. उदाहरणार्थ फेझंट टेल. इंग्लंडचे फ्रँक सॉयर ती फेझंट या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढ्यावरच बांधायचे, दोरा नाहीच. आज त्याच नावाखाली दोरा, मोरपिसाचे तंतू, टंगस्टनचा मणी सगळं येतं. दोन्ही बरोबर, पण पाण्यात किती वेगानं बुडणार ते वेगळं. मण्याखाली शिशाची तार गुंडाळलीय का हे तर वरून दिसतच नाही, ते चिठ्ठीच सांगणार.

मुदत साधारण दीड-दोन महिने ठेवतात. अर्धे जण शेवटच्या आठवड्यात बांधायला बसतात आणि एक-दोघं गळतातच, त्यामुळे राखीव नावं ठेवणं शहाणपणाचं. होस्टनं मध्ये एकदा विचारपूस करावी आणि कोणाची पाकिटं पोचली ते सगळ्यांना कळवत राहावं, बाकीच्यांचं बघून मागे पडलेला जरा हलतो.

पॅकिंगमध्ये लोक मार खातात. साध्या पाकिटातून पाठवलेली फ्लाय पोस्टाच्या मशीनमधून चपटी होऊन बाहेर येते, टोकं कागद फाडून बाहेर येतात ते वेगळंच. कडक डबी, आत फोमचा तुकडा, त्यात गळ टोचलेले, एवढं पुरतं. डोक्यावरचं सिमेंट, म्हणजे शेवटच्या गाठीवर लावलेलं वॉर्निश, पूर्ण वाळल्याशिवाय डबी बंद करायची नाही. चेपलेलं हॅकल (फ्लायभोवती गुंडाळलेलं पीस) मात्र वाचतं, चिमट्यात धरून किटलीच्या वाफेवर क्षणभर फिरवलं की पिसं परत उभी राहतात. परतीचा पत्ता आणि टपालखर्च आपणच द्यायचा, परदेशी होस्ट असेल तर आपले स्टॅम्प तिकडे चालत नाहीत म्हणून पैसे वेगळे पाठवायचे.

देशाबाहेर पाठवायचं तर पिसांचा प्रश्न येतो. दुर्मिळ पक्ष्यांच्या पिसांच्या व्यापारावर साइटिस हा आंतरराष्ट्रीय करार आहे, 1975 पासून लागू. अमेरिकेत 1918 च्या कायद्यामुळे बहुतेक स्थानिक रानपक्ष्यांचं गळून पडलेलं पीस सुद्धा जवळ ठेवता येत नाही, शिकारीच्या काही पक्ष्यांना सूट आहे. पाळीव कोंबडीची पिसं, कृत्रिम डबिंग (दोऱ्यावर पिळून फ्लायचं अंग बनवायचे तंतू), लोकर यावर भागवलं तर डोकेदुखी बरीच कमी, तरी ज्या देशात जाणार तिथले नियम बघावेच लागतात.

सेट हातात आला की तो लगेच आपल्या मटेरियलच्या ड्रॉवरमध्ये टाकू नये. एखाद्याच्या नीट न धुतलेल्या पिसांबरोबर कसर किंवा केस खाणारे भुंगे आले तर आपली महागडी हॅकलची कातडी पोखरतात. काही दिवस बंद पिशवीत फ्रीझरमध्ये ठेवतात ते यासाठीच. मग कोणी फ्रेम करून भिंतीवर लावतो, कोणी सरळ नदीवर नेतो. नेणार असाल तर चिठ्ठी आधी काढून वहीत चिकटवा, कारण फ्लाय झाडात अडकून गेली की परत बांधायला तेवढीच उरते.