शेतात पुरलेले सुरुंग: थोडी पार्श्वभूमी

आमच्या कोकणात सुरुंग म्हटलं की पहिली आठवते ती विहीर. कातळाला भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवायची आणि मग आरोळी, लांब व्हा रेऽऽ, गुरं हाकला, पोरांना आत घ्या, धडाम झालं की काम संपलं. भूसुरुंगाचं बरोबर उलट आहे, पुरणारा निघून जातो आणि आरोळी द्यायला कोणी उरतच नाही.

पहिल्या महायुद्धाच्या शेवटी रणगाडे अडवायला हे सुरुंग आले. ते मोठे, माणसाच्या वजनाने न फुटणारे, म्हणून शत्रूचे लोक रात्री येऊन उपटून न्यायचे, मग त्यांना रोखायला आजूबाजूला छोटे, माणूस मारणारे सुरुंग पेरायला लागले. दुसऱ्या महायुद्धात तर पट्टेच्या पट्टे. माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना पडले, त्यांच्याच मराठा रेजिमेंटमधले नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन सुरुंगांच्या पट्ट्यातून दोनदा परत आले. म्हणजे आपल्या माणसांनी हे फार आधी पाहिलंय.

ती लढाई संपली पण सुरुंग तिथेच राहिले. इजिप्तमध्ये अल अलामेनच्या वाळवंटात १९४२ चे सुरुंग अजून आहेत आणि पाय जातात ते मेंढ्या चारणाऱ्यांचे. कंबोडियात १९८०च्या दशकात थायलंडच्या सरहद्दीला लागून जो पट्टा पेरला त्याने भातशेती, जंगल, पाणवठे सगळंच अडवलं, १९७९ पासून तिथे जवळपास वीस हजार माणसं अशा स्फोटकांनी गेलीत. जगाचं बघायचं तर एकट्या २०२३ मध्ये सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्याने किमान ५,७५७ लोक मेले किंवा जखमी झाले, शंभरातले ८४ साधे नागरिक, आणि त्यात पोरं किती!

शेतकऱ्यालाच का लागतो हे आपल्याला सांगायला नको. फुटायला दहा-पंधरा किलोचा दाब पुरतो, म्हणजे लाकडाचा भारा आणायला गेलेलं पोरगंसुद्धा. काही सुरुंग प्लास्टिकचे, हलके, आणि पहिल्या पावसात डोंगराची तांबडी माती खाली खलाटीत येते तसेच तेही वाहत येतात, काल साफ असलेला बांध आज साफ राहत नाही.

आमच्या वाडीतले एक सुभेदार काका २००२ मध्ये राजस्थानच्या सरहद्दीवर होते. संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य पुढे नेलं तेव्हा पंजाब, राजस्थानातल्या लोकांच्या चालू शेतातसुद्धा सुरुंग लावले होते, त्या लोकांचा हंगाम बुडाला, आणि काढायचं काम सैन्य मागे आल्यावरही चालूच होतं. काका ओट्यावर बसून काठीने मातीत रेघा मारून दाखवतात, "अरे, आम्ही नकाशा करून, पावलं मोजून लावले. पण वाळू सरकली की नकाशा एकीकडे नि सुरुंग भलतीकडे." एवढं बोलून ते गप्प होतात, पुढचं मी कधी विचारलं नाही.

१९९७ मध्ये माणूस मारणाऱ्या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावा करार झाला, त्यासाठी झटणाऱ्या मोहिमेला आणि जोडी विल्यम्सना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका कोणीच त्यात नाही. सरहद्द लांबलचक आहे हे भारताचं कारण मला कळतं, पण पटत नाही. आणि २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या भीतीने करारातून बाहेर पडायचं ठरवलं, हे वाचून खरंच वाईट वाटलं.

यात आपल्या देशाची एक मोठी गोष्ट म्हणजे जयपूर फूट. १९६८ च्या सुमाराला रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी बनवलेला हा रबरी पाय अनवाणी चालायला, उकिडवं बसायला चालतो, चिखलात उभं राहून लावणी करता येते, म्हणून अफगाणिस्तान, कंबोडियातल्या शेतकऱ्यांना तो उपयोगी पडला. बाहेरचा बुटातला पाय आवणात रुतला असता. फक्त लहान पोराचं हाड वाढत राहतं, त्यामुळे त्याला सहा महिन्या-वर्षाने पुन्हा नवा पाय लागतो, परत माप, परत तालुक्याला खेप, उंची थांबेपर्यंत.