शाळेने दिलेला लॅपटॉप: संरक्षण योजनेचा अर्ज, कागदपत्रं आणि दावे अडकतात त्या जागा

"आम्ही संरक्षण योजना घेतली होती हो," असं सांगत पालक फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप घेऊन येतात आणि खिडकीपलीकडून पहिला प्रश्न येतो, "पोचपावती?" बहुतेकांकडे ती नसते. काहींनी फॉर्म भरलेला असतो पण फी राहिलेली असते, काहींनी फी भरलेली असते पण फॉर्मवर मुलाची सही नसते. मी लॅपटॉप वाटपाच्या टेबलावर स्वयंसेवक म्हणून बसते, त्यामुळे हे रडवेले चेहरे दरवर्षी समोर येतात. दाव्याचा निकाल लॅपटॉप फुटल्यावर लागतो खरा, पण तो ठरतो लॅपटॉप हातात पडला त्या दिवशी. म्हणून हे सगळं वाटपाच्या आधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल. फी किती आणि मुदत किती, हे शाळेशाळेत वेगळं असतं, ते आपल्या शाळेच्या पत्रकातच पाहावं. अडकण्याच्या जागा मात्र सगळीकडे जवळपास त्याच असतात.

तीन कागद, तीन कामं

वाटपाच्या वेळी हातात कागदांचा गठ्ठा पडतो आणि सगळे कागद एकाच गोष्टीचे आहेत असं वाटतं. तसं नसतं. पहिला असतो वापर-करार. लॅपटॉप शाळेच्या मालकीचा आहे, तो आम्ही नीट वापरू आणि मागाल तेव्हा परत करू, असं त्यात लिहून द्यायचं असतं. हा करार सक्तीचा असतो. दुसरी असते उत्पादकाची वॉरंटी. तिच्यात बनावटीचा दोष भरून मिळतो, म्हणजे आपोआप बंद पडलेला कीबोर्ड किंवा दोषी निघालेला मदरबोर्ड. हातातून पडलेला किंवा चहा सांडलेला लॅपटॉप तिच्यात बसत नाही. तिसरी असते संरक्षण योजना, ती अपघाती नुकसानीसाठी असते आणि बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असते. करारावर सही केली म्हणजे योजना मिळाली, असं समजणारे पालक मला सर्वांत जास्त भेटतात. योजनेचा फॉर्म वेगळा, फी वेगळी, पावती वेगळी. अमेरिकेतल्या मेन राज्याने २००२ साली सरकारी शाळांतल्या सातवीच्या सगळ्या मुलांना लॅपटॉप द्यायला सुरुवात केली, त्याला दोन दशकं उलटून गेली. एवढ्या काळात हे तीन कागद तीन रंगांत छापावेत एवढं तरी कुणाला सुचायला हवं होतं.

पात्रता सरळ असते. मूल त्या वर्षी शाळेच्या पटावर हवं आणि आधीचं उपकरण किंवा दंड थकलेला नको. मोठ्या भावंडाची थकबाकी धाकट्याच्या आड येते का, हे आधीच विचारून ठेवा.

पालकाची सही म्हणजे कुणाची सही?

आई-वडील जवळ असतील तर हा प्रश्न येतच नाही. मूल आजी-आजोबांकडे, मावशीकडे किंवा वसतिगृहात राहत असेल, तर फॉर्म इथेच परत येतो. पालकत्वाचा पुरावा जोडा, असं फॉर्मवर एका ओळीत लिहिलेलं असतं. कोर्टाचा पालकत्वाचा आदेश फार थोड्या कुटुंबांकडे असतो, कारण नातवाला सांभाळायला कोणी कोर्टात जात नाही. घाबरून जाऊ नका. शाळेच्या प्रवेश-नोंदीत पालक म्हणून ज्यांचं नाव आहे, त्यांचीच सही साधारणपणे चालते. तेव्हा आधी ऑफिसात जाऊन ती नोंद तपासा. नाव जुनं असेल तर बदलासाठी अर्ज द्या आणि नोंद बदलल्यावरच लॅपटॉपचा फॉर्म भरा. उलट क्रमाने केलंत तर सही जुळत नाही आणि मुदत त्या फेऱ्यांत निघून जाते. आई-वडील दूरगावी असतील तर त्यांचं सहीचं संमतीपत्र चालेल का, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "चालेल हो" म्हणणारा कर्मचारी पुढच्या वेळी त्याच खिडकीत असेलच असं नाही.

मुलाची सहीही तितकीच लागते. ते काय सही करतंय, हे त्याला आधी वाचून दाखवा.

मुदत कोणत्या दिवसापासून?

फॉर्मवर ठरावीक दिवसांची मुदत दिलेली असते. ते दिवस कधीपासून मोजायचे, हे बारीक अक्षरात असतं. पालक शाळा सुरू झाल्यापासून किंवा सूचना मिळाल्यापासून मोजतात. बऱ्याच योजनांत मात्र लॅपटॉप ताब्यात दिल्याच्या तारखेपासून मोजणी होते आणि सुट्टीचे दिवसही त्यात धरले जातात. वर्षाच्या मधे आलेल्या मुलाची मुदत त्याच्या स्वतःच्या वाटपाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे वर्गातल्या इतरांची तारीख त्याच्या कामाची नसते. फॉर्म दिल्यावर आणि फी जमा झाल्यावर, या दोहोंतली जी तारीख नंतरची, तिथून संरक्षण सुरू होतं, असंही अनेक योजनांत लिहिलेलं असतं. म्हणजे फॉर्म सोमवारी दिला, फी शुक्रवारी भरली आणि बुधवारी लॅपटॉप पडला, तर हातात काही येत नाही. फॉर्म आणि फी एकाच दिवशी द्या.

फी झेपत नसेल तर सवलत आहे का, असं विचारा. हे वाक्य उच्चारायला लोकांना फार जड जातं, आणि ऑफिसही आपणहून सांगत नाही. सवलतीचा अर्ज सहसा वेगळा असतो आणि दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. गेल्या वर्षी मिळाली म्हणून यंदा आपोआप मिळेल, या भरवशावर राहिलेली दोन कुटुंबं मी गेल्याच वर्षी पाहिली.

कुणाकडेच नसलेला कागद

तो म्हणजे स्थिती-नोंद. लॅपटॉप देताना त्यावर कुठे ओरखडे होते, बिजागरी सैल होती का, कोणती कळ दबून राहत होती, याची नोंद. अनेक मुलांना आधी कुणीतरी वापरलेला लॅपटॉप मिळतो. वर्षअखेरीस तो परत करताना कोपऱ्याची जुनी चीर नव्या मुलाच्या नावावर पडते, कारण ती आधीपासून होती हे दाखवायला कागद नसतो. वाटपाच्या टेबलावर रांग मोठी असते, "चला, सही करा, पुढे व्हा" असं आम्हीच म्हणतो, हे मला मान्य आहे. तरी तिथेच दोन मिनिटं थांबा. झाकण, तळ, चारही कोपरे, उघडलेला आणि चालू असलेला स्क्रीन, कीबोर्ड, चार्जर आणि त्याची पिन, या सगळ्यांचे फोटो काढा. त्याच दिवशी ते शाळेच्या ईमेलवर पाठवा. फोनमधल्या फोटोच्या तारखेवर शंका घेता येते, पोचलेल्या ईमेलच्या तारखेवर वाद घालणं अवघड जातं.

त्याच फोटोंत सिरीयल नंबरही येऊ द्या, कारण पुढे प्रत्येक फॉर्मवर तोच लागतो आणि तोच चुकतो. शाळेने चिकटवलेल्या बारकोडच्या स्टिकरवरचा नंबर शाळेच्या नोंदवहीचा असतो. सिरीयल नंबर उत्पादकाचा असतो आणि बहुधा तळाशी बारीक अक्षरात छापलेला असतो. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर डिव्हाइस आयडी आणि प्रॉडक्ट आयडी दिसतात, आणि लोक त्यांतलाच एखादा उतरवून आणतात. ते दोन्ही सिरीयल नंबर नव्हेत. क्रोमबुकवर लॉगिनच्या पडद्यावर अल्ट आणि व्ही या कळा एकत्र दाबल्या की सिरीयल नंबर दिसतो. मॅकवर तो सफरचंदाच्या मेनूतल्या 'अबाउट धिस मॅक'मध्ये मिळतो. हाताने उतरवताना आठ आणि बी, पाच आणि एस यांची अदलाबदल होते, म्हणून फोटोच बरा.

लॅपटॉप फुटला, भिजला, फुगला

आधी शाळेला कळवा. कळवण्याची मुदत अर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच कमी असते. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊ नका. बाहेर उघडलेला लॅपटॉप बहुतेक योजनांतून बाद होतो, मग दुरुस्ती कितीही चांगली झालेली असो. मुलाला ओरडा बसू नये म्हणून आईने गुपचूप स्क्रीन बदलून घेतला आणि त्यामुळे पुढचा खरा दावाही गेला, असं माझ्यासमोर घडलं आहे. त्या माऊलीचा चेहरा अजून आठवतो.

पाणी सांडलं तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद करा, उलटा करून निथळू द्या आणि तसाच शाळेत न्या. चालतोय का बघू म्हणून पुन्हा सुरू करू नका, आतले भाग जळतात ते तेव्हाच. तांदळात पुरणं आणि हेअर ड्रायर लावणं, दोन्ही टाळा. आणि खरं काय झालं ते लिहा. अनेक लॅपटॉपच्या आत ओल लागली की रंग बदलणाऱ्या छोट्या पट्ट्या असतात. "आपोआप बंद पडला" असं लिहिलंत आणि पट्टीचा रंग बदललेला निघाला, तर जो दावा अपघात म्हणून मंजूर झाला असता, तो खोटी माहिती दिली म्हणून फेटाळला जातो. मुलांनाही हेच सांगा. शाळेला खरं सांगितल्याची शिक्षा घरी मिळणार नाही, एवढा विश्वास त्यांना द्या.

टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला किंवा तळ नीट टेकेनासा झाला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग लगेच थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. लिथियम-आयन बॅटरीला भोक पडलं तर ती पेट घेऊ शकते. उशीवर किंवा पांघरुणात ठेवून चार्ज करू नका, हे याच कारणासाठी सांगतात.

माझ्यासमोर येणारे बरेचसे स्क्रीन फुटतात ते कीबोर्डवर पेन्सिल किंवा इयरफोन राहिला आणि झाकण लावलं म्हणून, नाहीतर दप्तरात जाड पुस्तकांचा दाब आला म्हणून. स्क्रीनच्या कोपऱ्याला धरून उचलल्यानेही चीर जाते. चार्जर बहुतेक योजनांत नसतोच, तो हरवला तर पूर्ण किंमत द्यावी लागते. त्यावर मुलाचं नाव चिकटवा.

चोरी आणि हरवणं

बऱ्याच योजना चोरी भरून देतात, हरवणं भरून देत नाहीत. चोरीच्या दाव्याला पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत लागते आणि तिच्यात सिरीयल नंबर हवा. नुसतं "काळ्या रंगाचा एक लॅपटॉप" असं लिहिलेली तक्रार परत येते. हरवल्याची नोंद आणि चोरीची तक्रार हे दोन वेगळे कागद आहेत. पैसे वाचावेत म्हणून हरवलेल्याला चोरी म्हणू नका, खोटी तक्रार देणं हा गुन्हा आहे. त्यापेक्षा हप्त्याने भरण्याची सोय मागा, ती पुष्कळदा मिळते. लॅपटॉप बाकावर उघडा ठेवून मूल खेळायला गेलं आणि तो गेला, तर निष्काळजीपणाचं कलम पुढे केलं जातं. तेव्हा वाटपाच्या दिवशीच त्याला ते कलम दाखवा.

वापराच्या अटी

पासवर्ड मित्राला द्यायचा नाही. त्या खात्यातून जे होईल ते आपल्या मुलाच्या नावावर लागतं. शाळेचं फिल्टर आणि देखरेख बहुधा घरच्या वायफायवरही चालू असते. लॅपटॉप रीसेट केला तरी शाळेचं नियंत्रण सहसा पुन्हा येऊन बसतं, त्यामुळे ती खटपट करणारी मुलं फक्त करार मोडतात.

देखरेखीबद्दल मात्र पालकांनी प्रश्न विचारलेच पाहिजेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लोअर मेरियन शाळा-जिल्ह्यात चोरीचे लॅपटॉप शोधण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेने मुलांचे त्यांच्या घरातले फोटो वेबकॅममधून टिपले. २०१० साली पालक कोर्टात गेले आणि त्याच वर्षी ६,१०,००० डॉलरवर तडजोड झाली. तिथल्या पहिल्या तक्रारदार मुलाची विम्याची फी भरलेली नव्हती, त्याचा लॅपटॉप शोधायला म्हणूनच यंत्रणा सुरू केल्याचं सांगितलं गेलं. फी थकली म्हणून कुणाच्या खोलीत डोकावायचा हक्क मिळत नाही. आपल्या शाळेची यंत्रणा काय नोंदवते, कॅमेरा दुरून सुरू करता येतो का, नोंदी कोण पाहतं आणि किती दिवस ठेवतात, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारा.

परत करताना

शाळा सोडण्याआधी मुलाने आपल्या फाइली काढून घ्याव्यात, कारण खातं बंद झालं की त्या मिळत नाहीत. मग लॅपटॉप, चार्जर आणि पिशवी एकाच वेळी द्या आणि सिरीयल नंबर लिहिलेली, तारीख आणि सही असलेली परतीची पावती घ्या. शिपायाच्या किंवा वर्गमित्राच्या हाती पाठवू नका. ही पावती वर्षभर तरी जपून ठेवा. पटावरून नाव कमी झालेल्या मुलांना "उपकरण परत आलेलं नाही" अशी पत्रं सहा-आठ महिन्यांनीही जातात, आणि तेव्हा ज्यांच्याकडे ती पावती असते त्यांचं काम एका फेरीत होतं.